त्या मोटारीची अर्धीच गोष्ट कशासाठी?

गेल्या सुक्कोथच्या सुट्टीत आमच्या गावच्या समाजगृहात एक कार्यक्रम झाला. त्याबद्दल लिहावे की न लिहावे या विचारात दोन आठवडे गेले. आपल्याच माणसाविषयी लिहायचे म्हणजे हात अडखळतो. पण हाच कार्यक्रम येत्या हनुक्कात मुलांसाठी पुन्हा ठेवला आहे असे कळले, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

झाले ते असे. समाजातला एक हुशार तरुण कामानिमित्त जर्मनीला जाऊन आला. येताना श्टुटगार्टचे मोटारींचे संग्रहालय पाहून आला आणि पडद्यावर चित्रे दाखवीत त्याने दीड तास आम्हांला मर्सिडीज-बेन्झच्या राजेशाही मोटारींचा इतिहास सांगितला. कालखंड दोन महायुद्धांच्या मधला. बोलला छान. मराठीतून बोलला याचे तर विशेष कौतुक, कारण त्याच्या वयाची आमची मुले घरात "पाणी दे" यापलीकडे मराठी बोलत नाहीत. चित्रे सुंदर होती. लांबलचक बॉनेट, बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत नळ्या, पंखांसारखे मडगार्ड. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या.

मग प्रश्न विचारा म्हणाले, म्हणून आम्ही हात वर केला. "बाळ, १९३३ नंतरच्या चित्रांत माणसे का नाहीत? नुसत्याच गाड्या कशा?" तो हसून म्हणाला, "मावशी, आज आपण गाडीबद्दल बोलतोय, राजकारणाबद्दल नाही." मंडळीही हसली. आम्ही बसलो. चहा-करंज्यांच्या वेळी एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "ते युरोपातल्या लोकांचे दुःख. आपल्या बापजाद्यांना कोकणात कुणी बोटसुद्धा लावले नाही. आपण कशाला मध्ये पडायचे?"

या दोन वाक्यांचे उत्तर त्या संध्याकाळी देता आले नाही. ते येथे देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, म्हणजे गैरसमज नको. आमचे त्या मोटारीशी वैर नाही. आम्ही या देशात उतरलो तेव्हा तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जेरुसलेमला नेणाऱ्या लांब शेरुत टॅक्सी मर्सिडीजच असत. सात उतारू, मांडीवर बोचकी, आणि डोंगर चढताना इंजिनाची ती डिझेलची घरघर. त्याआधी मुंबईतही तो तारा आमच्या ओळखीचाच होता. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधायला सुरुवात केली, आणि १९६९ पर्यंत त्या टाटा-मर्सिडीज या नावाने निघत होत्या. त्यांतल्या जुन्या गाड्या पुढेही कितीतरी वर्षे पनवेलच्या रस्त्यावर धूर सोडीत धावत. तेव्हा जर्मन गाडी पाहिली की तोंड फिरवा, असे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि आमची तशी इच्छाही नाही.

आमची तक्रार निराळी आहे. आम्ही सारे आयुष्य वॉर्डात घालवले. तेथे रुग्ण आला की पहिल्यांदा केस पेपर उघडतात आणि मागचे आजार विचारतात. ते पान कोरे ठेवून कुणी औषध लिहिले, तर मेट्रन त्याला दारातून परत पाठवीत असे. त्या दीड तासाच्या व्याख्यानाचे हेच पान कोरे होते.

आता त्या मोटारीचा मागचा इतिहास घेऊ. वक्त्याने 'मर्सिडीज' हे नाव एका मुलीचे आहे एवढे सांगितले आणि तिचे चित्र दाखवून तो पुढे गेला. ती मुलगी कुणाची? एमिल येलिनेक या व्यापाऱ्याची. आणि एमिल कुणाचा? व्हिएन्नाचे नामवंत रब्बी आडोल्फ येलिनेक यांचा. रब्बी येलिनेक हे त्या काळचे मोठे पंडित आणि वक्ते. आधी लिओपोल्डश्टाटच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये आणि १८६५ पासून शहरातल्या जुन्या सिनेगॉगमध्ये ते प्रवचने करीत. १८९३ साली ते वारले. त्यांचा भाऊ हेर्मान याला १८४८ च्या क्रांतीत लेख लिहिल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. अशा घराण्यातला हा एमिल. तो बापासारखा विद्वान वगैरे मुळीच नव्हता. तरुणपणी रेल्वेत कारकून असताना रात्री इंजिनांच्या शर्यती लावल्या म्हणून नोकरी गेली, असे त्याच्या चरित्रात सांगतात. पुढे धंद्यात पैसा केला, फ्रान्सच्या नीस शहरी राहिला आणि मोटारींच्या मागे लागला. १८९९ साली आपल्या मुलीचे नाव घेऊन त्याने शर्यतीत भाग घेतला. १९०० साली त्याने डाइम्लर कंपनीला एकदम ३६ गाड्यांची मागणी दिली. किंमत साडेपाच लाख सुवर्ण मार्क, आणि अट अशी की नव्या इंजिनाला मुलीचे नाव द्यायचे. विल्हेल्म मायबाख यांनी ती ३५ अश्वशक्तीची गाडी बांधली. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकले आणि १९०२ साली ते नाव कंपनीच्या मालकीचे म्हणून नोंदले गेले. बापाने तर पुढे आपल्याच आडनावाला 'मर्सिडीज' जोडून घेतले. एरवी मुलगी बापाचे नाव लावते, इथे उलटे झाले!

म्हणजे जगात आज जितक्या गाड्यांवर ते नाव आहे, तितक्या गाड्यांवर व्हिएन्नाच्या एका रब्बीच्या नातीचे नाव आहे. बेने इस्राएलांच्या समाजगृहात ही गोष्ट सांगायची नाही, तर कुठे सांगायची?

यापुढचा भाग वक्त्याने चांगला सांगितला होता. त्याच्या श्रेयाचे माप त्याला देतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाला किंमत उरली नाही, महाग गाड्या घेणार कोण अशी दशा झाली, आणि बँकेच्या दबावाखाली डाइम्लर आणि बेन्झ या दोन जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या २८ जून १९२६ रोजी एक झाल्या. डाइम्लरचा तीन टोकांचा तारा आणि बेन्झची पानांची माळ एका बिल्ल्यात आली. ताऱ्याची तीन टोके म्हणजे जमीन, पाणी आणि हवा. या तिन्ही ठिकाणी आमचे इंजिन चालेल असा त्याचा अर्थ. हवेचे पुढे काय झाले ते नंतर पाहू.

कॉम्प्रेसरची गोष्टही त्याने रंगवून सांगितली. पाय पूर्ण दाबला की एक पंखा जोडला जाऊन इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडी किंचाळल्यासारखी आवाज करीत सुटते. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात अशा गाड्या प्रथम विक्रीला मांडल्या. मग फर्डिनांड पोर्शे यांच्या हातची १९२७ ची 'एस' आणि १९२८ ची 'एसएसके'. मग १९३० साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सर्वांत थोर ७७०. आठ सिलिंडर एका ओळीत, पावणेआठ लिटरच्या आसपास इंजिन, साधी दीडशे अश्वशक्ती आणि कॉम्प्रेसर लावला की दोनशे. जपानच्या सम्राटाकडे ती होती आणि हॉलंडात डोर्नला परागंदा होऊन राहिलेल्या कैसराकडेही होती. १९३० ते १९३८ या काळात अशा ११७ निघाल्या, आणि १९३८ ते १९४३ या काळात नव्या सांगाड्याच्या ८८. एकूण २०५. हे आकडे वक्त्याने तोंडपाठ सांगितले. मग १९३६ ची ५४०के आली, तिच्यावर त्याने वीस मिनिटे घालवली. ती गाडी आहेच तशी. नुसते चित्र पाहूनही माणूस खुर्चीत सरळ बसतो.

पण दुसऱ्या खेपेच्या त्या ८८ गाड्यांत कोण बसले? हे सांगितले नाही. त्या मुख्यतः एका राजवटीच्या मिरवणुकीच्या गाड्या होत्या. पुढची जागा दुमडून हिटलरला उभे राहता यावे, गर्दीला तो दिसावा, जाड काचा आणि पोलादी पत्रे असावेत, अशी त्यांची रचना होती. उरलेल्यांतल्या काही मित्रांना भेट गेल्या. फिनलंडच्या मॅनरहाइमला १९४१ साली एक ७७० दिली, आणि स्पेनच्या फ्रँकोला तीन आसांची जी-४. सम्राट आणि कैसर यांची नावे घेताना ज्याची जीभ अडत नाही, त्याची येथेच का अडावी? कॅनडात ओटावाच्या युद्ध संग्रहालयात अशी एक ७७० ठेवली आहे. ती गोअरिंगची म्हणून आली होती. तेथल्याच ग्रंथपालाने चिकाटीने कागद शोधून ती हिटलरची असल्याचे दाखवले. त्या गाडीवर नुसता काळा रंग आणि क्रोमियम पाहून कुणी घरी जात नाही.

आता "हे राजकारण आहे" या आक्षेपाकडे वळू. गाडी आणि राजकारण यांची फारकत आम्ही केली नाही आणि जोडणीही आम्ही केली नाही. ती जोडणी त्या कंपनीने आणि त्या माणसाने केली. १९२४ साली तो लँड्सबर्गच्या तुरुंगात होता, तेथून त्याने म्युनिकच्या बेन्झ विक्रेत्याला मोटारीच्या किमतीबद्दल पत्र लिहिले. त्या विक्रेत्याचे नाव याकोब वेर्लिन. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी वेर्लिन डाइम्लर-बेन्झच्या संचालक मंडळावर बसला. सत्तेवर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ११ फेब्रुवारी १९३३ ला, हिटलरने बर्लिनच्या मोटार प्रदर्शनाचे उद्घाटन केले आणि मोटारींवरचा कर कमी करण्याचे आश्वासन दिले. एप्रिलपासून नव्या गाड्यांवरचा कर गेला. मंदीत बुडत चाललेल्या धंद्याला दोर मिळाला. शर्यतींच्या गाड्यांसाठी सरकारी पैसा मिळाला, मर्सिडीजला आणि तिच्या प्रतिस्पर्धी आउटो युनियनला. त्या रुपेरी गाड्यांच्या विजयाच्या चित्रांवर वक्त्याने टाळ्या घेतल्या, पण त्यांच्या पत्र्यावरचे स्वस्तिक पडद्याच्या कडेबाहेर राहील अशीच चित्रे निवडली होती. मुद्दाम निवडली असे आम्ही म्हणत नाही. पुस्तकेच तशी छापलेली असतात. पण निवडणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत काय?

आणि माणसे? आमचा पहिला प्रश्न तोच होता. व्याख्यानात गाडीच्या चाकाच्या आऱ्या मोजल्या गेल्या. पण तीन माणसे मोजायची राहिली.

पहिला आडोल्फ रोझेनबेर्गर. फॉर्त्सहाइमचा ज्यू, मर्सिडीजचा शर्यतीतला चालक. १९२७ च्या जूनमध्ये न्युर्बुर्गरिंगचे नवे मैदान सुरू झाले, तेव्हा मर्सिडीज 'एस' पहिली आणि दुसरी आली. पहिल्या गाडीत काराचोला होता, त्याचे नाव आम्ही त्या संध्याकाळी सहा वेळा ऐकले. दुसऱ्या गाडीत रोझेनबेर्गर होता, त्याचे एकदाही ऐकले नाही. १९३१ साली पोर्शे यांनी स्वतःची कचेरी काढली, तिच्यात रोझेनबेर्गरचा पैसा आणि दहा टक्के भाग होता. १९३५ साली तो भाग जुन्या दर्शनी किमतीला दुसऱ्याच्या नावावर गेला. त्याच वर्षी ज्यू नसलेल्या मुलीशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून त्याला पकडून किस्लाउच्या छावणीत टाकले. काही आठवड्यांनी सुटला, देश सोडला, आणि अमेरिकेत नावसुद्धा बदलून राहिला.

दुसरा एडमुंड रुम्प्लर, व्हिएन्नाचा ज्यू इंजिनियर. १९२१ साली बर्लिनला त्याने पाण्याच्या थेंबाच्या आकाराची मोटार मांडली. लोक हसले. तिच्याच कल्पनेवर बेन्झने १९२३ ची शर्यतीची गाडी बांधली. १९७९ साली जुनी थेंबगाडी वाऱ्याच्या बोगद्यात तपासली, तेव्हा हवेच्या विरोधाचा अंक ०.२८ निघाला. त्या वेळच्या नव्याकोऱ्या गाड्यांनाही तो साधत नव्हता. १९३३ साली रुम्प्लरला तुरुंग दाखवला गेला. सुटल्यावर त्याला काम उरले नव्हते. १९४० साली तो मेला.

तिसरा योझेफ गांत्स. मोटारींच्या मासिकाचा संपादक आणि इंजिनियर. १९३१ साली डाइम्लर-बेन्झने त्याला सल्लागार म्हणून घेतले होते. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी असावी म्हणून तो वर्षानुवर्षे लिहीत होता. ज्या फेब्रुवारीतल्या प्रदर्शनाचे उद्घाटन हिटलरने केले, त्यात गांत्सच्या कल्पनेवर बांधलेली गाडीही मांडली होती. मे महिन्यात गेस्टापोने त्याला उचलले. पुढे स्वित्झर्लंड, आणि शेवट ऑस्ट्रेलियात.

यांना बाजूला ठेवून मोटारीचा इतिहास सांगता येतो? येतो, असे त्या संध्याकाळी सिद्ध झाले.

३ डिसेंबर १९३८ ला जर्मनीत हुकूम निघाला की ज्यूंचे मोटार चालवण्याचे परवाने आणि गाड्यांचे कागद रद्द. म्हणजे रब्बीच्या नातीच्या नावाची गाडी चालवायला त्या नातीच्या रक्ताचा माणूस नालायक ठरला. मर्सिडीज बिचारी १९२९ सालीच, चाळिशी गाठण्याआधी, वारली होती. तिने हे पाहिले नाही.

पण तिच्या आजोबांच्या गावाने पाहिले. १९३८ च्या १२ मार्चला हिटलरने ब्राउनाउला सरहद्द ओलांडली, ती तीन आसांच्या उघड्या मर्सिडीजमधून. १४ तारखेच्या संध्याकाळी तो व्हिएन्नात शिरला. रस्त्याच्या दुतर्फा माणसे, फुले, घंटानाद. समोरच्या जाळीवर तोच तारा. आठ महिन्यांनी, नोव्हेंबरच्या त्या रात्री, रब्बी येलिनेक जेथे प्रवचन करीत ते लिओपोल्डश्टाटचे सिनेगॉग जाळून टाकले. शहरातले दुसरे, जेथे त्यांनी पुढची वर्षे घालवली, ते वाचले. दयेमुळे नव्हे. ते घरांच्या रांगेत चिकटून बांधलेले आहे, पेटवले असते तर शेजारची घरे पेटली असती.

वक्त्याने आपला काळ १९३९ ला संपवला, कारण विषय "दोन महायुद्धांच्या मधला" होता. सोयीची जागा! पण दुसऱ्या युद्धाची तयारी युद्धाच्या आधीच होते, नंतर नव्हे. बर्लिनच्या दक्षिणेला गेन्सहागेनला विमानांच्या इंजिनांचा कारखाना १९३६ साली उभा राहिला, म्हणजे ५४०के पॅरिसला चमकली त्याच वर्षी. ताऱ्याचे हवेचे टोक ते हे. मेसरश्मिट लढाऊ विमानांत तीच इंजिने होती. १९४४ साली त्याच कारखान्यात रावेन्सब्र्यूकच्या छावणीतून सुमारे ११०० स्त्रिया आणून कामाला लावल्या. मानहाइमच्या कारखान्यासाठी वॉर्साच्या उठावानंतर पकडलेले सुमारे १०६० पोलिश पुरुष आणले आणि त्यांना झांडहोफेनला एका शाळेच्या इमारतीत कोंडले. बॉम्ब पडू लागले तेव्हा गेन्सहागेनची यंत्रे नेकर नदीकाठी जिप्समच्या खाणीत हलवली. तेथल्या कैद्यांची पहिली छावणीही नेकरएल्त्सच्या शाळेतच. शाळांच्या वर्गांत! १९४४ च्या अखेरीस कंपनीत ६३,६१० माणसे काम करीत होती आणि त्यांतली जवळजवळ निम्मी वेठबिगार, युद्धकैदी किंवा छावण्यांतले कैदी होते. हा आकडा शत्रूने काढलेला नाही, कंपनी स्वतःच तो सांगते.

आणि इथेच आम्हांला सर्वांत जास्त राग येतो. त्या कंपनीने, उशिरा का होईना, आपला केस पेपर उघडला. १९८६ साली मोटारीची शंभरी साजरी होत असताना जर्मनीतल्याच अभ्यासकांनी ओरड केली, तेव्हा इतिहासकारांकडून संशोधन करवून घेतले. १९८८ साली वेठबिगारांसाठी दोन कोटी मार्क दिले. १९९४ साली वेठबिगारीवर जाडजूड ग्रंथ निघाला. पैसे थोडे होते, उशीर फार झाला होता, कितीतरी हात तोपर्यंत मातीत गेले होते, हे सर्व खरे. पण जे श्टुटगार्टवाले मान्य करतात, ते इथे, या देशात, आपल्या समाजगृहात गाळायचे? जर्मनांनी सांगावे आणि ज्यूंनी झाकावे?

राहिले ते वडीलधारे गृहस्थ. "आपल्यावर घडले नाही." खरे आहे. कोकणात आमच्या तेल गाळणाऱ्या पूर्वजांना शेजाऱ्यांनी शनिवार तेली म्हटले, त्यापलीकडे काही केले नाही. ते ऋण आम्ही रोज मानतो. पण १९३३ नंतर युरोपातून पळालेले ज्यू मुंबईच्या बंदरावर उतरले, ते कुणाचे होते? १९३४ साली त्यांच्यासाठी मुंबईत मदत संस्था निघाली. त्यांत डॉक्टर पुष्कळ होते. आमच्या आईच्या पिढीच्या परिचारिका सांगत, की हातमोजे घालण्याची आणि ड्रेसिंगची शिस्त त्या लोकांकडून शिकलो. युद्ध लागल्यावर इंग्रज सरकारने त्यांतल्याच कित्येकांना जर्मन नागरिक म्हणून शत्रू ठरवले आणि साताऱ्याला, पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले. हिटलरपासून पळाला आणि पुरंदरावर अडकला! पुण्याहून हाकेच्या अंतरावर हे घडत होते, आणि आम्ही म्हणायचे की कोकणात सुखाने होतो, आमचा काय संबंध.

शिवाय आम्ही बेने इस्राएलांनी तरी असे बोलू नये. १९६२ साली या देशात आमच्या लग्नांच्या वेळी आजी-पणजीपर्यंतचे दाखले मागितले गेले, तेव्हा "तुमची गोष्ट निराळी, आमची निराळी" हेच तर आम्हांला सांगितले जात होते. आई-बापांच्या पिढीने उपोषणे केली, रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे १९६४ च्या ऑगस्टमध्ये नेसेटने आम्ही सर्व बाबतींत ज्यू असल्याचा ठराव केला. ज्या दारासाठी आपण धक्के खाल्ले, ते आतून आपणच लावून घ्यायचे काय?

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. व्याख्यानानंतर एक बाई ताडकन म्हणाल्या, "आमच्या घरात जर्मन वस्तू येत नाही. असली चित्रे दाखवायचीच कशाला?" त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी धुणारे यंत्र कुठले आहे ते आम्हांला ठाऊक आहे. पण ते जाऊ दे. १९५२ साली भरपाईचा करार झाला, तीन अब्ज मार्कांचा माल या देशात आला, त्यातून जहाजे आली, यंत्रे आली. तो वाद त्या वेळी नेसेटच्या दारापर्यंत दगडफेकीने गेला होता, आणि त्या वादातल्या दोन्ही बाजूंना आपापले कारण होते. आज कुणी गाडी घ्यावी, कुणी घेऊ नये. पगार ज्याचा त्याचा आहे. चित्रे दाखवू नयेत असे मात्र आम्ही म्हणत नाही. उलट आणखी दाखवावीत.

एक आठवण सांगतो आणि आवरतो. आम्ही नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत, रात्रपाळीला, एक म्हातारी पोलंडकडची बाई वॉर्डात होती. झोपेत तिची बोटे चादरीवर फिरत. एकसारखी, ठरावीक, जणू काही घट्ट पिळते आहे. आम्हांला वाटले ताप चढला, म्हणून हात धरला. ती जागी झाली, आपल्या बोटांकडे पाहून म्हणाली, "फाब्रिक." कारखाना. कुठला कारखाना ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तरुण होतो, भाषा नीट येत नव्हती, पुढच्या खाटेवर सलाइन संपत आले होते. विचारायला हवे होते, हे आता वाटते. केस पेपरवर तेवढेही आम्ही लिहून ठेवले नाही.

हे लिहीत असतानाच परवा शुक्रवारी तो तरुण घरी आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातले असावे. आधी जरा फुगून बसला होता. आम्ही पोहे केले आणि एका कागदावर आठ चित्रांची यादी लिहून दिली. रब्बी येलिनेक. रोझेनबेर्गर 'एस' गाडीत. रुम्प्लरची थेंबगाडी. गांत्स. परवान्यांचा हुकूम. लिओपोल्डश्टाटचे सिनेगॉग, आधी आणि नंतर. झांडहोफेनची शाळा. त्याने यादी दोनदा वाचली. म्हणाला, "मावशी, मुलांना तासाभराच्या वर बसवणार नाहीत. मग ५४०के काढावी लागेल."

आम्ही म्हटले, ५४०के ठेव. तिच्यावरची वीस मिनिटे आठ कर.